बोगद्याच्या माथ्यावरची वाट

पायवाटेचा रस्ता होताना आपण रोज पाहतो. रस्त्याची पुन्हा पायवाट झालेली मला एकच ठाऊक आहे. ती अमेरिकेतल्या कंबरलँड खिंडीत आहे. व्हर्जिनिया, केंटकी आणि टेनेसी ही तीन राज्यं जिथं एकमेकांना टेकतात, तिथं ॲपलेशियन डोंगररांग जराशी वाकून माणसाला पलीकडे जाऊ देते. १९९६ साली इथं डोंगराच्या पोटातून जुळा बोगदा सुरू झाला, वाहतूक आत वळली आणि वरचा हायवे रिकामा पडला. मग त्याचं डांबर खरवडून काढलं, कापलेला उतार मातीनं भरला, झाडं लावली. ट्रक आता पोटातून जातात. माथ्यावर पावलांखाली पाचोळा वाजतो.

या वाटेवर नाव चालतं ते डॅनियल बूनचं. १७७५च्या मार्चमध्ये तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन तो निघाला आणि झाडी तोडत केंटकी नदीपर्यंत पोचला. त्याआधी दीडच वर्ष, खिंडीच्या अलीकडच्या रानात, त्याचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला होता. त्याच दुःखाच्या वाटेनं बाप पुन्हा गेला. त्याची हिंमत नाकारता येत नाही.

पण खिंड त्याची नव्हती. बायसनच्या खुरांनी ती केव्हाच मळली होती. शॉनी आणि चेरोकी या मूळनिवासी जमातींचे शिकारी, योद्धे तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या जात-येत होते. बून निघाला त्याच महिन्यात चेरोकींच्या जमिनीचा सौदा झाला, आणि ड्रॅगिंग कनू या त्यांच्याच तरुण पुढाऱ्यानं त्या सौद्याला भर सभेत विरोध केला. सौदा थांबला नाही.

पुढच्या पस्तीसेक वर्षांत दोन-तीन लाख माणसं इथून पश्चिमेला गेली. १७९६ साली वाट रुंद होईपर्यंत इथून गाडी जात नसे. सामान घोड्यावर, पोर कडेवर. कुणी स्वतःच्या शेताच्या आशेनं चढत होतं, कुणी मालकामागून गुलाम म्हणून. चढ दोघांना सारखाच दमवत होता. पलीकडचं केंटकी मात्र दोघांना सारखं भेटलं नाही.

हायवेचा थर काढायला यंत्रं पुरली. बूनच्या नावाचा थर अजून जाड आहे. तोही थोडा खरवडायला हवा, तरच ही वाट खऱ्या अर्थानं जपली असं म्हणता येईल.