तिकीट माझ्याकडे, खिडकी बाबांची

लहानपणी वडिलांबरोबर प्रवास करताना तिकीट त्यांच्याजवळ असते आणि खिडकी आपली असते. पुढे केव्हातरी हा करार उलटा होतो. तो नेमका कोणत्या स्टेशनात उलटला हे बहुतेकांना सांगता येत नाही. मला येते. २०२३ सालच्या मे महिन्यात, एडिंबरोच्या वेव्हर्ली स्टेशनात, डंडीकडे जाणाऱ्या गाडीच्या दारात बाबांनी विचारले, "तिकिटं कुठायत?" मी म्हणाले, "माझ्याकडे आहेत." सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेलेला त्यांचा हात तसाच रिकामा खाली आला.

मी तेव्हा एडिंबरोला नगररचना शिकत होते आणि बाबा तीन आठवड्यांसाठी मला भेटायला आले होते. एकटेच आले होते. आजी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे दोघांना एकदम घर सोडता येत नव्हते. आईने निकाल देऊन टाकला, "तुम्ही जा. मला फोनवर दिसतंच की सगळं."

परदेशी शिकणाऱ्या लेकराकडे आईबापांनी पाहुणे म्हणून जावे ही चाल आपल्याकडे तशी अलीकडचीच. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या तेव्हा घरचे एकही माणूस बरोबर नव्हते. पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन. पण तिथे विद्यार्थिनी होती ती आईच. धर्मानंद कोसंबी १९१८ साली हार्वर्डला गेले तेव्हा छोट्या दामोदरला त्यांनी बरोबर नेले, आणि पुढे १९२९ साली तो हार्वर्डचा पदवीधर झाला. म्हणजे आपल्याकडच्या थोर उदाहरणांत आईबाप एकतर मुलाला बोटाला धरून नेतात, नाहीतर घरी बसून टपालाची वाट पाहतात. मुलीच्या भाड्याच्या खोलीत पलंगावर आपण झोपायचे की तिने, यावर रात्री अकराला वाद घालणारे आईबाप ही विमानाची आणि प्रॉव्हिडंट फंडाची देणगी आहे. (वाद मी जिंकले. पहाटे पाहते तो बाबा जमिनीवर सतरंजी घालून झोपलेले!)

बाबा पश्चिम रेल्वेत मोटरमन होते. चर्चगेट ते विरार आणि विरार ते चर्चगेट, साठ किलोमीटर जायचे आणि साठ यायचे, असा त्यांनी आयुष्यभर प्रवास केला. तो सगळा भूगोलाच्या दृष्टीने एकाच ठिकाणी केला असे म्हणायला हरकत नाही. आमचे घर भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात. घरापासून चार पावलांवर खाडी. आता तिथे चौपाटी आहे, संध्याकाळी माणसे फिरायला येतात, गणपतीचे विसर्जन होते. त्या काठावर उभे राहिले की डाव्या हाताला रेल्वेचा पूल दिसतो. पलीकडे नायगाव, मधे पाणजू बेट, आणि ओहोटी लागली की चिखलाचा आणि मिठागरांचा तो खारट वास. जेसल पार्कात वाढलेल्या माणसाला हा वास येतो असे वाटतच नाही. न आला तर मात्र चुकल्यासारखे होते. १८६४ सालच्या नोव्हेंबरात गुजरातेकडची रेल्वे ग्रँट रोडपर्यंत पोहोचली, तेव्हापासून आगगाडी ही खाडी ओलांडते आहे. विजेची गाडी विरारला गेली ती १९३६ साली. हे सन आम्हांला शाळेने नव्हे, बाबांनी शिकवले.

लहानपणी आई मला संध्याकाळी खाडीवर नेत असे. पुलावरून जाणाऱ्या गाड्यांतली बाबांची गाडी कोणती हे ओळखण्याची काही सोय नव्हती, म्हणून मी प्रत्येक गाडीला हात करीत असे. पुष्कळ वर्षांनी कळले, की बाबांना काठावरचे काहीच दिसत नसे. मोटरमनला पुढचा रूळ दिसतो आणि सिग्नल दिसतो. उजवी-डावीकडचे जग उतारूंसाठी असते.

असा माणूस पाहुणा म्हणून आला म्हणजे त्याला काय दाखवायचे? एडिंबरोचा किल्ला त्यांनी बाहेरूनच पाहिला. आतले तिकीट ऐकून, "आपला वसईचा फुकट आहे," एवढे म्हणून ते पाठमोरे झाले. डोंगर-तळी दाखवायला मी त्यांना बसने नेले, तर त्यांचे सारे लक्ष ड्रायव्हरकडे. दिवस मात्र त्यांना मोठा अजब वाटे. रात्री साडेनऊला ऊन पाहून, "आता जेवायचं की चहा प्यायचा?" असे ते गंभीरपणे विचारीत.

रोज दुपारी, म्हणजे आमच्या घरच्या संध्याकाळी, आईचा फोन येई. आजीचे औषध, पाण्याची वेळ, गॅलरीतली तुळस हे सारे सांगून झाले की शेवटी ती आवाज थोडा खाली आणून म्हणे, "अहो, विचारलंत का?" बाबा माझ्याकडे न पाहता म्हणत, "विचारतो." पहिल्या आठवड्यात मला वाटले, माझ्या लग्नाचे असावे. दुसऱ्या आठवड्यात खात्रीच झाली, आणि मी मनाशी उत्तरे जुळवून ठेवली. आईबापांच्या प्रश्नांची आपण फार तयारी करतो. पेपर येतो तो नेहमी दुसऱ्याच विषयाचा.

डंडीला जायचे निमित्त माझे होते. पॅट्रिक गेडिस हा नगररचनेतला आमचा आजोबा. तो डंडीच्या कॉलेजात कितीतरी वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवीत होता, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून आला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याचेच विद्यार्थी. गाव तोडून नवे बांधण्याआधी तिथल्या माणसांना काय हवे ते पाहा, असे तो सांगे. मी हे सगळे बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, "वाटेत पूल आहे ना?"

पूल होता. एक नव्हे, दोन.

गाडीत आम्हांला जागा मिळाल्या त्या समोरासमोर, आणि त्यांतली खिडकीची एक उलट्या तोंडाची. मी बाबांना सरळ तोंडाची देऊ केली. ते उलट्या जागेवर जाऊन बसले. म्हणाले, "तीस वर्षं पुढचंच बघितलं. सोडून जाताना कसं दिसतं तेही बघू दे."

फोर्थचा पूल चित्रांत पुष्कळांनी पाहिला असेल. तांबड्या रंगाचे, पोलादी नळ्यांचे तीन अवाढव्य मनोरे, दोन्ही बाजूंना हात पसरून एकमेकांना धरून उभे असलेले. अडीच किलोमीटर लांब. त्रेपन्न हजार टन पोलाद. १८९० सालच्या मार्चमध्ये खुला झालेला. शेजारी मोटारींचे दोन पूल आहेत, एक १९६४ चा, एक २०१७ चा, आणि दोन्ही त्याच्यापुढे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे वाटतात. तिकडे न संपणाऱ्या कामाला 'फोर्थचा पूल रंगवणे' म्हणतात. एका टोकाचा रंग होईतो दुसऱ्या टोकाचा उडतो अशी समजूत. २०११ साली मात्र असा काही पक्का रंग दिला, की पुढची वीसेक वर्षे पाहावे लागू नये.

गाडी पुलावर चढली आणि बाबांनी डोळे मिटले. मला वाटले, उंचीने घेरी आली. "बाबा?" "थांब," ते म्हणाले, "आवाज ऐकतोय." पुलावर गाडीचा आवाज बदलतो. हे आपल्याही कानांना कळते. त्यांना त्यातले अक्षर न् अक्षर कळत असावे.

शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांना वाटले हे प्रार्थना करताहेत. त्या हसून म्हणाल्या, की त्यांच्या लहानपणी सगळीच मुले इथे खिडकीतून पेनी टाकीत आणि मनात काहीतरी मागत. मी ते मराठीत सांगितले मात्र, बाबांनी खाडकन डोळे उघडले. कारण भाईंदरच्या पुलाचे दुखणे तेच आहे. गाडी खाडीवर आली की डब्यातले हात बाहेर येतात: नाणी, नारळ, निर्माल्याच्या पिशव्या. खाली होडीतून कोणी जात असेल, पुलाच्या कडेने पाणजूचा कोणी चालत असेल, याचा विचार नाही. धावत्या गाडीतून पडलेला नारळ हा नारळ राहत नाही. बाबा या विषयावर तासभर बोलू शकत. "आता टाकतात का, विचार त्यांना," ते मला म्हणाले. बाईंनी काच दाखवली. खिडक्या आता उघडतच नाहीत. "फार चांगलं केलं," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण मागायचं असेल त्यांनी काय करायचं?" हे भाषांतर करून सांगितल्यावर त्या बाई इतक्या मनापासून हसल्या, की लूकर्सला उतरताना त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. सबंध वर्षात त्या मुलखात माझी अशी ओळख कोणाशी झाली नव्हती. आणि मला तर इंग्रजी येत होते.

दुसरा पूल टे नदीवरचा. तो दिसायला काही विशेष नाही. लांबच लांब, बुटका, वळत गेलेला. पण त्याच्या अगदी कडेने पाण्यातून एकामागून एक दगडी खुंट वर आलेले दिसतात. ते पहिल्या पुलाचे पाय. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात तो पूल मधोमध कोसळला, तेव्हा त्यावर गाडी होती. त्या गाडीतले कोणीही वाचले नाही. नवा पूल १८८७ साली शेजारीच बांधला, आणि फोर्थचा तो राक्षसासारखा दणकट केला गेला तोही या धड्यामुळेच.

डंडीला उतरून आम्ही नदीकाठी बसलो. जवळच 'डिस्कव्हरी' हे दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलेले जहाज उभे होते, "उभ्या बोटीला तिकीट कशाला?" म्हणून तेही बाहेरूनच झाले. गेडिस दुपारवर ढकलला. मी डब्यातले थालीपीठ काढले आणि बाबांना त्या गाडीच्या इंजिनाची हकीकत सांगितली. पाण्यातून ते वर काढले, दुरुस्त केले, आणि १९१९ सालापर्यंत चालवले. लोकांनी त्याचे नाव 'पाणबुड्या' ठेवले होते.

बाबांनी थालीपीठ खाली ठेवले. "आणि ते चालवायला कोण बसत होतं?" त्यांनी विचारले. मला उत्तर नव्हते. ते बराच वेळ त्या खुंटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला.

तो आमच्या सोसायटीचा कागद होता. इमारत जुनी, पावसात गळणारी. ती पाडून नवी बांधायची ठरत होती. (पुढे ती पाडलीही.) प्रत्येक सभासदाने लिहून द्यायचे होते: जुन्या जागेच्या बदल्यात मिळेल ते एका खोलीचे घर घेता, की वरचे पैसे भरून दोन खोल्यांचे? वरचे पैसे म्हणजे बाबांच्या फंडातले जे काही उरले होते, ते जवळजवळ सगळे.

"दुसरी खोली खाडीच्या बाजूला येते," बाबा नकाशावर बोट ठेवून म्हणाले. "पूल दिसेल. तू ह्यातलं शिकतेस, म्हणून विचारतो. घ्यावी का?"

नगररचनेच्या विद्यार्थिनीला विचारलेला हा प्रश्न नव्हता, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. शिक्षण संपल्यावर तिथे आणखी दोन वर्षे राहून काम करण्याची परवानगी मला मिळणार होती. त्या दोन वर्षांची पुढे किती होतात, हे भाईंदरच्या प्रत्येक इमारतीत कोणा ना कोणाला पाठ असते. 'घ्या' म्हणणे सोपे होते. 'येते' म्हणणेही सोपे होते. नदीवर वारा होता, कागद फडफडत होता, आणि त्याचे एक टोक मी धरले होते, एक त्यांनी.

"मला आत्ता नाही सांगता येत, बाबा," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. रागाने नव्हे, दुःखानेही नव्हे. मोटरमनपुढे पिवळा सिग्नल आला, की तो का आला म्हणून तो विचारीत बसत नाही. गाडी हळू करतो आणि पुढच्या सिग्नलला थांबावे लागेल या तयारीने जातो. "ठीक," ते म्हणाले, "खरं सांगितलंस ते बरं केलंस." त्यांनी माझे पेन मागून घेतले, गुडघ्यावर कागद ठेवला, आणि एका चौकोनात खूण केली. कुठल्या, ते मला वरून दिसले. ती खोली अजून बांधलीही नव्हती. तरी घशात काहीतरी अडकले ते थालीपिठाने खास नव्हे.

मग आम्ही गेडिसचे कॉलेज पाहिले. बाबांनी तिथल्या बागेतल्या झाडांची चौकशी केली.

आईचा फोन त्या दिवशी उशिरा आला, आम्ही परतीच्या गाडीत असताना. भाईंदरला रात्र झाली होती. औषध, पाणी, तुळस झाली.

"अहो, विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय?" बाबा म्हणाले. ते पुन्हा उलट्या तोंडानेच बसले होते. "मीच ठरवलं. आपल्या तिघांना एक खोली पुष्कळ झाली. मोठ्या घराचा केर कोण काढणार?"

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. आई पदराने फोनची काच पुसत होती.

"बरं," ती म्हणाली, "मग त्यांना म्हणावं, स्वयंपाकघराचा ओटा तरी मोठा द्या."