काळीतले घर

काळ्या मातीचे बळ वर्षभर सारखे नसते. मे महिन्यात तिच्या ढेकळावर कुदळ मारली तर कुदळीचेच टोक बोथट होते. ऑगस्टमध्ये त्याच जागी पाय घोट्यापर्यंत रुततो. माती तीच असते, कमीजास्त होते ते तिच्यातले पाणी. दख्खनच्या पठारावर पाया घालताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या पाण्यात असते.

मराठी गावात वस्तीच्या जागेला पांढरी आणि पेरणीच्या जमिनीला काळी म्हणत. पावसाचे पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवण्याचा काळीचा गुण रब्बीच्या ज्वारीला तारतो, पण घराच्या पायाला तोच नडतो. शहरे पसरली, शेते एनए होऊन त्यांचे प्लॉट पडले आणि वस्ती पांढरी सोडून काळीत उतरली. त्यामुळे हा प्रश्न आता रस्ते आणि कालवे बांधणाऱ्यांपुरता राहिलेला नाही, साध्या घरमालकाच्या दारात आला आहे.

ही माती बेसॉल्टच्या विघटनातून तयार झाली. तिच्यातले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि पापुद्र्यांमधली पकड इतकी सैल असते की पाणी सहज आत शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारते. चिनी मातीतल्या केओलिनाइटच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग १० ते २० चौरस मीटर भरतो. मॉन्टमोरिलोनाइटचा ७०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे चिमूटभर मातीत सात-आठ गुंठ्यांचा पसारा. एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटले की माती फुगते आणि ते उडून गेले की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या खोल भेगा हे त्या आकसण्याचेच दृश्य रूप. मातीत सोडियम जास्त असेल तर फुगवटा आणखी वाढतो. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात म्हणूनच विशेष काळजी घ्यावी लागते.

मातीचे बळ म्हणजे तिचे कर्तनबल, एका थराला दुसऱ्या थरावरून घसरू न देण्याची शक्ती. पायाखालची माती सहसा चिरडून निकामी होत नाही. ती एका वक्र पृष्ठावरून सरकते आणि बाजूला वर उचलली जाते. फ्रेंच अभियंता कुलोम याने या शक्तीचे दोन भाग केले, कणांमधले घर्षण आणि मातीचा अंगचा चिकटपणा. त्याचा हा निबंध १७७६ मध्ये छापला गेला. घर्षण वाढते ते वरून येणाऱ्या दाबाच्या प्रमाणात, पण कोणत्या दाबाच्या, याचा उलगडा होण्यास दीडशे वर्षे लागली. कार्ल टेरझागी याने १९२० च्या दशकात दाखवून दिले की एकूण दाबातून छिद्रांमधल्या पाण्याचा दाब वजा केल्यावर जो उरतो, तोच कणांना एकमेकांवर दाबतो आणि मातीचे बळ त्याच्यावर ठरते. आधुनिक मृदा यामिकी या वजाबाकीवर उभी आहे.

काळ्या मातीचे ऋतुमान याच वजाबाकीतून समजते. सुकत चाललेल्या मातीत उरलेले पाणी बारीक छिद्रांमध्ये ताणलेले असते. त्याचा दाब उणे असतो. उणे वजा केले की बेरीज होते. त्यामुळे कण एकमेकांकडे जोराने ओढले जातात आणि ढेकूळ दगडासारखे होते. पाऊस पडला की हा ताण सुटतो आणि त्याच्याबरोबर बळही जाते. उन्हाळ्यात केलेल्या तपासणीचे आकडे जसेच्या तसे वापरले तर पाया कागदावर भक्कम आणि जमिनीत कच्चा राहतो. काळ्या मातीचे बळ मोजायचे ते ती पाण्याने पूर्ण भिजलेली आहे असे धरून.

पायाची भारक्षमता काढण्याचे टेरझागीचे सूत्र १९४३ च्या त्याच्या ग्रंथात आले. त्यात तीन वाटे आहेत. एक मातीच्या चिकटपणाचा, दुसरा पायाच्या बाजूला असलेल्या भरावाच्या वजनाचा आणि तिसरा पायाच्या रुंदीचा. भिजलेल्या चिकणमातीत घाईने भार आला तर घर्षणाचा वाटा जवळजवळ उरत नाही आणि मुख्य आधार चिकटपणाचा राहतो. लांब, सलग पायासाठी तो साधारण ५.१४ ने गुणायचा. समजा, भिजल्यावर हा चिकटपणा चौरस मीटरला ५ टन आहे. मग माती सुमारे २५.७ टनांवर ढासळेल. सुरक्षिततेसाठी ३ ने भागले की साडेआठ टन हाती येतात. साइटवर ज्याला ‘एसबीसी’ (सुरक्षित भारक्षमता) म्हणतात त्याच्या मुळाशी हा हिशोब असतो. तेवढ्या भाराखाली पाया किती खचेल हे वेगळे तपासून दोन्हींपैकी लहान आकडा धरतात.

आता एकमजली घर घेऊ. नऊ इंची भिंत, जोते आणि स्लॅबचा वाटा मिळून भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ३ टन भार येतो. पाया ७५ सेंटीमीटर रुंद असेल तर मातीवर चौरस मीटरला ४ टन पडतात. क्षमता साडेआठ टनांची, भार चार टनांचा. या हिशोबाने घर निर्धोक. तरीही अशीच घरे तडकतात, कारण त्यांना फोडणारा जोर खालून येतो. फुगणाऱ्या मातीला अडवून धरण्यासाठी जो दाब द्यावा लागतो त्याला फुगवट्याचा दाब म्हणतात. काळ्या मातीत तो चौरस मीटरला १०-१५ टन किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. वरून ४ टन आणि खालून १५ टन, तेव्हा माती घर उचलते. बहुमजली इमारतीचा पाया मुळातच खोल जातो आणि तिचे वजनही भारी असते. त्यामुळे काळ्या मातीचा मार मुख्यतः बैठी घरे, कुंपणाच्या भिंती, फरशा, रस्ते आणि कालव्यांची अस्तरे यांनाच बसतो.

सगळे घर सारखे वर गेले आणि सारखे खाली आले असते तर फारसे बिघडले नसते. पावसाळ्याच्या सुरुवातीला कडेची माती आधी भिजते आणि बाहेरच्या भिंती उचलल्या जातात. पुढे वर्षानुवर्षे जोत्याखालची ओल उन्हापासून झाकलेली राहते, मधली माती फुगते आणि फरशी घुमटासारखी वर येते. दोन बिंदूंमधल्या उंचीचा फरक त्यांच्या अंतराच्या तीनशेव्या भागापर्यंत गेला की भिंतींना तडे जाऊ लागतात, असे स्केम्पटन आणि मॅकडोनल्ड यांनी १९५६ मध्ये अनेक इमारतींच्या अभ्यासातून मांडले. तीन मीटरच्या खोलीत हा फरक अवघा एक सेंटीमीटर होतो. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे निघणारे तडे आणि पावसाळ्यात अडकून उन्हाळ्यात मोकळे होणारे दार या त्याच्या खुणा. जे तडे ऋतूनुसार रुंद-अरुंद होतात, ते सिमेंटने बुजवून काही साधत नाही.

तपासणी खड्डे आणि बोअर घेऊन सुरू होते. काळ्या थराची जाडी किती, खाली चुनखडीची पिवळसर माती आहे की मुरूम, खडक किती खोल, हे आधी पाहायचे. बोअरमध्ये ६३.५ किलोचा घण ७५ सेंटीमीटरवरून टाकून नळी शेवटचे ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. फुगवट्याची एक चाचणी अगदी साधी आहे. चाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात केरोसिनमध्ये टाकून २४ तास ठेवायची. केरोसिनमध्ये माती फुगत नाही. दोन्ही आकारमानांतला फरक केरोसिनमधल्या आकारमानाच्या ५० टक्क्यांपुढे गेला तर ती माती जपून हाताळावी. हा केवळ इशारा. पायाच्या आराखड्यासाठी फुगवट्याचा दाब प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

उपायांची निवड थराच्या जाडीवर ठरते. काळी माती एक-दीड मीटरच असेल तर ती काढून पाया थेट मुरमावर ठेवणे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे. थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली फुगीर बुडाची पाइल, म्हणजे जमिनीतल्या भोकात ओतलेला काँक्रीटचा खांब, वापरतात. साधारण साडेतीन मीटरखाली ऋतूंचा परिणाम फारसा पोचत नाही. तिथवर भोक घेऊन त्याचे बूड खोडाच्या अडीचपट रुंद करतात. वरची माती फुगून खोडाला वर ओढू लागली की हे बूड नांगरासारखे धरून ठेवते. त्यासाठी लोखंड पूर्ण लांबीभर लागते, कारण पाइल तेव्हा ताणली जाते. पाइलींना जोडणारी तुळई जमिनीला न टेकवता खाली सुमारे ८० मिलिमीटर मोकळी जागा सोडतात. माती फुगली तरी तिने तुळईला ढकलू नये म्हणून.

दुसरा मार्ग मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आला. साधारण मीटरभर खोलीच्या खालची काळी माती भिजूनही वर उचलली जात नाही, कारण वरचा थर तिला बांधून ठेवतो, हे त्यांनी दाखवले. मग तो वरचा थर काढून त्याच्या जागी चिकट पण न फुगणारी माती, उदाहरणार्थ योग्य प्रतीचा मुरूम, धुमसून भरला की फुगवटा आटोक्यात येतो. कालव्यांच्या अस्तरांसाठी ही पद्धत फार उपयोगी ठरली. याउलट पायाखाली नुसती वाळू भरणे धोक्याचे ठरू शकते. वाळूत पाणी साठते आणि खालची माती त्याने फुगते. रस्त्यांसाठी मातीत चुना मिसळतात. चुन्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते, फुगण्याची खोड कमी करते आणि पुढे रासायनिक क्रियेने माती कडकही होते.

पाया कोणताही घातला तरी घराभोवतीची ओल स्थिर ठेवणे हा उपायाचा दुसरा अर्धा भाग आहे. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेली फरसबंदी करावी, पागोळ्यांचे पाणी चरातून दूर न्यावे, शोषखड्डा पायाजवळ घेऊ नये, न्हाणीघराचे सांधे गळू देऊ नयेत. मोठे झाड भिंतीला लागून लावले तर ते उन्हाळ्यात एका कोपऱ्याचे पाणी ओढून तेवढाच भाग खाली बसवते. गळकी नळी दुसरा कोपरा फुगवते. काळीत बांधलेले घर टिकते ते तिच्यातले पाणी दोन्ही ऋतूंत सारखे राहिले तर, किंवा पाया त्या पाण्याच्या चढउताराखाली पोचला तर.