मलिहाबादच्या आमराईत फ्रिजविना

"वहिनी, फ्रिजची चिंता सोडा. गाडीतच फ्रिज आहे!" धाकट्या दिरांनी फोनवर इतक्या ठसक्यात सांगितलं, की मी खरोखरच चिंता सोडली. चूक झाली ती तिथेच.

भावजी नोकरीनिमित्त लखनौला. त्यांच्या एका मित्राकडे जीपमागे जोडायचं चाकांवरचं छोटं घर आहे. आत चार जणांच्या झोपण्याची सोय, गॅसची शेगडी, हात धुवायचं बेसिन आणि कपाटाएवढा फ्रिज. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हे घर घेऊन मलिहाबादला आंब्याच्या बागेत दोन रात्री राहायचं, असा बेत ठरला. बरोबर आमचे हे, जाऊबाई, सात वर्षांचे आमचे चिरंजीव आणि सासूबाई. फ्रिज आहे म्हटल्यावर मी आणि जाऊबाईंनी काय काय भरलं होतं म्हणून सांगू! तीन लिटर दूध, दही, श्रीखंडासाठी चक्का, पनीर, मटकीची उसळ. आणि दाराच्या कप्प्यात सासूबाईंचं इन्सुलिन.

लखनौहून हरदोईच्या रस्त्याने निघालं की मलिहाबाद साधारण पंचवीस किलोमीटर. वाटेत काकोरी लागतं. 9 ऑगस्ट 1925 ला रामप्रसाद बिस्मिल, अशफाकुल्ला खान आणि त्यांच्या साथीदारांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवली, ती याच काकोरीजवळ. त्याच भागात दशहरी नावाचं खेडं आहे. आपण ज्याला दशहरी म्हणतो त्या आंब्याचं मूळ झाड तिथलं, आणि ते अजून दाखवतात. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या आमराया. शायर जोश मलिहाबादी यांचं हे गाव. एकाच झाडावर कलमं करून तीनशेहून अधिक जातींचे आंबे घेणाऱ्या कलीमुल्ला खान यांचंही हेच. त्यांना 2008 मध्ये पद्मश्री मिळाली. मलिहाबादी दशहरीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

बागेत शिरलो तेव्हा बाहेर पारा 42 वर होता, पण झाडांखाली जरा जीव थंडावला. रखवालदार म्हातारे गृहस्थ. सगळेच त्यांना चचा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. आंब्याच्या दिवसांत ते आणि चाची बागेतच झोपडीत राहतात. चचांनी बाज पुढे ओढली, "तशरीफ रखिए" म्हणाले आणि माठातलं पाणी दिलं. त्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे.

रात्री दहाला फ्रिजचा आवाज बंद झाला.

तो फ्रिज तासन्‌तास चालतो तो विजेच्या जोडणीवर. बागेत वीज कुठली? भावजींनी तो जीपच्या बॅटरीवर लावला होता आणि बॅटरीने मान टाकली. आतला दिवाही गेला. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी भावजींकडे, आणि सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझं औषध काय करायचं गं आता?"

दूध नासलं तर फेकून देता येतं. इन्सुलिनचं तसं नाही. सकाळ-संध्याकाळ टोचायचं, आणि जवळ तेवढंच. मी पिशवीतलं गोणपाट काढलं, ओलं केलं, एका टोपलीत इन्सुलिन, दूध, दही ठेवून त्यावर घातलं आणि टोपली गाडीच्या आत, खिडक्या लावून, कोपऱ्यात ठेवली. अर्ध्या तासाने हात लावला तर गोणपाट कोमट! वर आत असं उकडायला लागलं, की चिरंजीव उठून रडू लागले.

तो आवाज ऐकून चचा कंदील घेऊन आले. टोपली बघून हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "बहनजी, हवा लगने दीजिए." टोपली त्यांनी बाहेर नेली आणि दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत, जिथून वारा वाहत होता तिथे, बाजेच्या कडेला टांगली. इन्सुलिनसाठी चाचींनी एक रिकामं मडकं दिलं. परातीत ओली वाळू, त्यात मडकं, मडक्यात झाकणाचा डबा, डब्यात औषध, आणि मडक्याभोवती ओलं फडकं. "पछुआ चल रही है," चचा म्हणाले, "सुबह तक ठंडा रहेगा."

पछुआ म्हणजे पश्चिमेचा कोरडा वारा. दिवसा हाच लू होऊन अंग भाजून काढतो. पण जे आपल्याला भाजतं, तेच मडक्याला गार करतं! पाणी वाळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी वाळून जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढी ओढायला साधारण सात किलो बर्फ वितळावा लागतो. मात्र ते वाळलं पाहिजे. बंद गाडीत मी आतली हवाच दमट करून ठेवली होती, मग पाणी वाळणार कुठे? लहानपणी गच्चीवर सुरईला फडकं गुंडाळणारी मी, एवढं साधं विसरले.

सकाळी मडक्यात हात घातला तर डबा छान गार लागला. तरी मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून सासूबाईंच्या डॉक्टरांना पुण्याला फोन लावला. ते म्हणाले, "चालू कुपी मडक्यात ठेवलीत ते उत्तम. बर्फाला मात्र चिकटू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही." केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानावर बेतलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. 25 ते 37 अंशांत खालीवर होणाऱ्या उष्णतेतही इन्सुलिन चार आठवडे टिकलं, असं त्यात आढळलं. पण प्रत्येक औषधाची तऱ्हा वेगळी. तुमच्या घरात कुणाला इन्सुलिन असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्या, माझ्यासारखं दुसऱ्या दिवशी नव्हे.

दुधाची गोष्ट निराळी. ते सकाळी उकळायला ठेवलं आणि फाटलं. यात गोणपाटाचा दोष नाही. हवा 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओल्या फडक्याखाली पारा उतरून उतरून 24 च्या आसपास येतो. पाणी, भाजी, फळं यांना एवढं पुष्कळ झालं. दुधाला, चक्क्याला, शिजवलेल्या उसळीला पाच अंशांच्या खालची थंडी लागते. ती नसेल तर शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही उसळ आणि चक्का जिवावर दगड ठेवून टाकून दिला. सासूबाई तेवढ्यात म्हणाल्याच, "आम्ही पंढरपूरला जायचो तेव्हा दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट न्यायचो. थंड ठेवायचं काही नेतच नव्हतो!" यावर सुनांनी काय बोलायचं?

दूध मग चाचींकडून रोज सकाळी अर्धा लिटर घ्यायचं, लगेच उकळायचं आणि न्याहारीलाच संपवायचं, असं ठरलं. स्वयंपाक वेळेला लागेल तेवढाच.

आंब्यांची मात्र चंगळ होती. बागेत दशहरी हिरवाच उतरवतात आणि गवतात, पानांत दडपून पिकवतात. आपल्या कोकणातली अढी, तिला इथे पाल म्हणतात. कच्च्या आंब्याला फार थंडीही सोसत नाही बरं का! साधारण बारा अंशांच्या खाली तो ठेवला तर सालीवर डाग पडतात आणि नीट पिकत नाही. पिकलेला आंबा खाण्याआधी बादलीभर पाण्यात तासभर टाकायचा, ही इथली रीत. देठाचा चीकही धुऊन जातो आणि आंबा गारही होतो. चिरंजीवांनी एका बैठकीत अकरा आंबे चोखले. मी मोजायचं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चचांनी आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुरवा लग गई." वारा पूर्वेकडून सुरू झाला होता. ऊन उतरलं, ढग आले, पारा 36 वर आला. आम्ही खूश! पण तासाभराने मडक्याला हात लावला तर ते कालच्यापेक्षा गरम. गंमत बघा, हवा सहा अंशांनी उतरली आणि मडकं तापलं. पुरवा हा पावसाळ्याची वर्दी देणारा दमट वारा. आर्द्रता 70 टक्के झाली की 36 अंशांतही ओलं फडकं 31 च्या खाली जात नाही. सासूबाईंचा चेहरा पुन्हा उतरला.

या वेळी उपाय चाचींनी सुचवला, तोही इतका साधा, की मला स्वतःचा राग आला. त्यांनी हापसा मारला, पहिल्या दोन बादल्या सोडून दिल्या आणि तिसरी भरून त्यात औषधाचा घट्ट झाकणाचा डबा दगड बांधून बुडवला. जमिनीखालचं पाणी लू असो वा पुरवा, बाराही महिने जवळपास सारखंच असतं. वर्षभराच्या सरासरी तापमानाइतकं, म्हणजे लखनौच्या बाजूला पंचवीस-सव्वीस अंश. दर तासाला बादली बदलायची. ते काम चिरंजीवांकडे दिलं. हापसा मारायला मिळतो म्हणून ते अर्ध्या तासालाच बदलत होते.

बर्फही आणला म्हणा. भावजी आणि हे संध्याकाळी जीपला धक्का मारून बाजारात गेले आणि चतकोर लादी घेऊन आले. लादी फोडू नका, अख्खी ठेवा. मोठा तुकडा सावकाश वितळतो. भोवती लाकडाचा भुसा आणि गोणपाट, किंवा थर्मोकोलची पेटी. पेटीत रिकामी जागा ठेवायची नाही, आणि सरबताच्या बाटल्या वेगळ्या, कारण ती पेटी सारखी उघडली जाते. हा बर्फ कोणत्या पाण्याचा हे कोण सांगणार? म्हणून तो ग्लासात घालायचा नाही. पनीर आणि दही त्यावर वाचलं.

बर्फाची या मुलुखाला नवलाई नाही. 1775 मध्ये सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं होतं, की अलाहाबादला हिवाळ्यात बर्फ करतात. जमिनीत उथळ खड्डे, तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा थर, त्यावर पसरट मातीच्या ताटल्या आणि त्यात थोडं पाणी. निरभ्र, शांत रात्री उघड्या आकाशाखाली पाणी इतकं निवतं, की पहाटे वर बर्फ धरतो. तो गोळा करून उन्हाळ्यासाठी खोल खड्ड्यात गवताखाली पुरायचा. त्याच्याही आधी अकबराच्या दरबारात पाणी सोऱ्याने गार करत, हे अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त लिहून ठेवलं आहे. भावजींना हे सांगितलं, तर ते बॅटरीच्या तारांशी खटपट करत म्हणाले, "वहिनी, अकबराकडे माणसं किती होती ते बघा!"

तिसऱ्या दिवशी सकाळी चचांनी दोन पेट्या आंबे गाडीत ठेवले. पैसे घेताना त्यांनी आधी नाही म्हटलं, मग मोजून घेतले. सासूबाईंनी इंजेक्शन टोचून घेतलं. साखर तपासली, ती रोजच्यासारखीच होती. मग त्यांनी चाचींना विचारलं, "हे मडकं मला द्याल का?" चाचींना मराठी कळलं नाही, पण मडकं कळलं. परातीतली वाळू झटकून त्यांनी ते हातात दिलं. लखनौपर्यंत ते सासूबाईंच्या मांडीवर होतं. मध्ये काकोरीला गाडी थांबवून त्यांनी फडकं पुन्हा ओलं करायला लावलं, आणि मडकं खिडकीकडे, वाऱ्याच्या बाजूला धरून बसल्या.