काटा

उसाच्या हंगामात जुना ट्रक सांभाळायचा म्हणजे म्हातारा बैल सांभाळण्यासारखं. कुठं दुखतंय ते तो सांगत नाही, आपणच चाचपून बघायचं.

आमच्या गाडीचं दुखणं बहुतेक वायरिंगमध्ये नाहीतर हवेत असायचं. गाडी 24 व्होल्टची, 12 च्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. सेल्फ नुसता टकटक करून थांबला की पोरं म्हणायची, बॅटरी गेली. तात्या म्हणायचे, "आधी अर्थिंग बघा." चेसीवरची वायर सोडून गंज घासला, बोल्ट आवळला, की पुष्कळदा गाडी चालू व्हायची. नव्या बॅटरीचे पैसे वाचायचे.

एकदा भरलेली गाडी फडात उभी होती. हवा भरायची, काटा ठरल्या जागी थांबायचा. पण ब्रेक दाबून धरला की खाली उतरायचा. मुकादम म्हणाला, "ऊस वाळतोय, वजन घटंल. हळूहळू नेऊ की." तात्यांनी किल्ली काढून खिशात घातली. "वजन घटलं तर पैसं जातील. वाटंत उतार हाय, खाली शाळा हाय."

चाकांना दगड लावले. इंजिन बंद केलं. मी ब्रेक दाबून बसलो, तात्या साबणाचं पाणी घेऊन खाली शिरले. पाइपांचे जोड कोरडे निघाले. मागच्या चाकाजवळच्या ब्रेक चेंबरवर मात्र फेस आला. आतला रबरी पडदा फाटला होता.

सकाळी तालुक्याहून पडदा आणून बसवला. वजन घटलं ते घटलंच. घरात त्याचा हिशोब कुणी मांडला नाही.