काजळीचा कण

काचेचे मोल ती फुटल्यावर कळते म्हणतात. मला वाटते, ते तिच्यावर डाग पडला की कळते. कंदिलाच्या चिमणीवरचा काजळीचा ठिपका उजेड अडवतो, एवढेच आपण पाहतो. तो उजेड गिळून स्वतः तापतो, हे ध्यानात येत नाही.

हे सुचायला कारण आमच्या हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले ती कथा इथलीच. आणि याच परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला अंतिम मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात भुजा, आणि त्यांत आरशांमधून शेकडो वेळा येजा करणारा लेसरचा झोत. तोही १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा.

“आरसा आहे, उजेड आहे आणि दिसायचे काहीच नाही! मग हा खटाटोप कशाला रे?” आत्या विचारते.

“तिथे पाहायचे नाही आत्या, कानोसा घ्यायचा.”

२०१५ साली अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. त्या वेळी भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही लहान होता!

तिथला आरसा शुद्ध सिलिकाचा, ४० किलो वजनाचा. पण सारी मदार त्यावरच्या लेपावर. सिलिका आणि टँटलम ऑक्साइड यांचे आलटून पालटून दिलेले थर, सगळे मिळून काही मायक्रोमीटर जाड. भुजेच्या तोंडचा आरसा तर थोडी खिडकीच. तो सुमारे दीड टक्का उजेड आत सोडतो. लेपातले अणू उष्णतेने थरथरतात आणि तो गलबला लहरीच्या कुजबुजीवर मात करू पाहतो. टँटलम ऑक्साइडमध्ये थोडे टायटॅनियम ऑक्साइड मिसळल्यावर तो कमी झाला. आणखी शांत लेपाचा शोध चालूच आहे.

चांगला लेप दहा लाखांतला एक भागही उजेड गिळत नाही. पण लेपात एखादा सूक्ष्म कण अडकला, की तेवढीच जागा तापते, फुगते आणि झोत बिघडतो. असा कण हुडकण्याची युक्ती मला फार आवडली: एका प्रखर झोताने लेप तापवायचा आणि दुसरा मंद झोत तिथे किती वाकतो ते मोजायचे.

“म्हणजे रागावणारा एक, आणि पोराचा चेहरा वाचणारा दुसरा,” आत्या म्हणाली.

हिंगोलीचा कान इतरांना जोडला गेला, की लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली हे अधिक नेमके सांगता येईल. आमची काळी माती कापूस पोसते. त्या आरशाला मात्र तिचा एक कणही वैरी. शेतकऱ्यांच्या गावात आता मातीलाच दाराबाहेर थांबवायला शिकावे लागेल.