हजेरीपटावरील शेरा

मालेगावाहून कारंज्याकडे जाणाऱ्या सडकेवर किन्हीराजा हे गाव लागते. सभोवार काळीभोर जमीन, कपाशीची व तुरीची शेते, आणि पलीकडे पळसांनी भरलेले माळ. 1994 च्या पावसाळ्यात मी त्या परिसरातील एका शाळेवर शिक्षक म्हणून रुजू झालो. तेव्हा वाशीम हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो पुढे 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. माझ्या तिसरीच्या वर्गात गावातली मुले होती, तशीच माळावरच्या बंजारा तांड्यातून पायी चालत येणारीही होती. गावातली मुले पुढे बसत, तांड्यावरची मागे. असे बसा म्हणून त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि असे का बसता, हे मीही कधी विचारले नाही.

एके दिवशी मी पुस्तकातील एक चित्र वर्गाला दाखवले. चुलीपुढे बसून एक बाई भाकरी थापीत होती. मागच्या रांगेतील एका मुलाला मी विचारले, "या चित्रात कोण आहे? ती काय करते?"

मुलगा उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत उत्तर दिसत होते. तो म्हणाला, "याडी... बाटी..."

सारा वर्ग खो खो हसला. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. "अरे, आई म्हण! भाकरी म्हण!" असे म्हणून मी त्याला खाली बसवले. त्याचे उत्तर अगदी बरोबर होते. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात आणि भाकरीला बाटी. पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घ्यावे असे वाटलेही नाही.

त्या दिवसापासून तो मुलगा वर्गात बोलेनासा झाला. प्रश्न विचारला की तो उभा राही, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरी, आणि मी 'बस' म्हणेपर्यंत तसाच राही. दिवाळी आली आणि गेली. अखेर मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईने शेरा लिहिला: 'मंद. बोलत नाही.'

वास्तविक, बोलीवरून हसणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. माझे गाव अकोटाकडचे. घरची बोली वऱ्हाडी. एकदा मी पुण्यास एका शिबिराला गेलो होतो. तेथे भर सभेत माझ्या तोंडून "मले समजलं नाही" असे वाक्य निघून गेले. 'मला'ऐवजी 'मले' ऐकताच लोक हसले. पुढचे तीन दिवस मी जेवायला वाढणाऱ्याशीसुद्धा मोजकेच बोललो. इतके असूनही ती गोष्ट मी वर्गात कशी विसरलो, याचे मला आजही नवल वाटते.

होळी जवळ आली. त्या दिवसांत बंजारा तांड्यांवर रात्री डफाच्या तालावर लेंगी गातात. एका पालकाने आग्रह केला म्हणून मी तांड्यावर गेलो. अंगणात माणसांचे रिंगण फिरत होते, आणि त्या रिंगणात तो मुलगा होता! मान ताठ करून, मोठ्यांच्या आवाजात आवाज मिसळून तो कडव्यामागून कडवी म्हणत होता. एक शब्दही अडत नव्हता. माझा 'मंद' विद्यार्थी तो हाच काय, असे क्षणभर मला वाटले.

इतक्यात त्याची आजी माझ्याजवळ आली. अंगावर भिंगे जडवलेली कांचळी, पायघोळ फेटिया, दंडापर्यंत बांगड्या. तिने मला काहीतरी विचारले. मला एक अक्षर समजेना. तिने पुन्हा विचारले; या वेळी अंमळ मोठ्याने, जसे आपण बहिऱ्याशी बोलतो तसे. मी नुसता हसलो आणि खाली पाहू लागलो. भोवतालची लहान मुले तोंडावर हात ठेवून हसू लागली. त्या घटकेला माझ्या पायाचा अंगठा जमीन उकरीत होता की काय, कोण जाणे!

तेवढ्यात तो मुलगा रिंगणातून धावत आला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "गुरुजी, आजी विचारते, तुमचं गाव कोणतं? आणि तुमची आई कुठं असते?"

मी उत्तर दिले. त्याने ते आजीला तिच्या बोलीत सांगितले. मग तिचे बोलणे मला, माझे तिला, असे अर्धा तास चालले. आजीनेच मला सांगितले, की त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. मीठ म्हणजे लवण. त्यावरूनच लमाण हे नाव पडले असे मानतात. पुढे आगगाडी आली. 1867 मध्ये ती नागपूरपर्यंत पोहोचली, आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसत गेला. त्याच सुमारास, 1871 साली, इंग्रज सरकारने एक कायदा केला व कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्याच्या तडाख्यातून सुटलेल्या जमातींना विमुक्त म्हणतात, आणि महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींतच होते. कायदा गेला, तरी माणसांच्या जिभेवरचा शिक्का इतक्या लवकर पुसला जात नाही. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली, की माझ्या पुढच्या रांगेतील माना आपोआप मागे वळत. हे मी पाहिले होते आणि गप्प राहिलो होतो.

'तांड्यावरची मुले अशीच' हे वाक्यही मी अनेकदा ऐकले होते. ते बोलणाऱ्यांना एवढेही आठवत नसे, की शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदजवळच्या गहुली येथील अशाच तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर एका ओळीत लिहिले: आई, माय, याडी, अम्मी. त्याखाली: भाकरी, भाकर, बाटी, रोटी. ज्याच्या घरी जो शब्द, तो त्याने उठून मोठ्याने म्हणायचा. अगदी शेवटी मी 'मला' लिहिले, त्याच्या शेजारी माझ्या आईचे 'मले' लिहिले, आणि पुण्याची हकीकत मुलांना सांगितली.

हे काही सर्वांना रुचले नाही. त्या मुलाचे वडील आठ दिवसांनी शाळेत आले. "गुरुजी, आमची बोली पोराले याडीच्या मांडीवरच येते. ती शिकवाले शाळा काहाले पाहिजे? तुमी त्याले मराठी शिकवा." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, परीक्षेची भाषा मराठीच होती. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे कलम 1956 मध्ये आपल्या राज्यघटनेत घातले गेले. पण गोरबोलीचे पुस्तक माझ्या शाळेत कुठले असणार? मी म्हणालो, "मराठीच शिकवणार आहे, दादा. पण बाटीपासून भाकरीपर्यंत हात धरून नेणार आहे." त्यांना ते कितपत पटले, कोण जाणे. मात्र मुलाला त्यांनी शाळेतून काढले नाही.

हजेरीपटावरील लाल शाई काही पुसता येईना. मी त्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली व खाली लिहिले: 'दोन भाषा जाणतो.' मुख्याध्यापकांनी त्याबद्दल विचारणा केली, तेव्हा चूक माझी होती असे सांगितले.

मागची रांग मोडायला मात्र पुढचे वर्ष उजाडले. मधल्या काळात मी त्या मुलाकडून गोरबोली शिकू लागलो होतो. एका सकाळी मोठ्या ऐटीत मी वर्गात एक वाक्य म्हटले. तांड्यावरची मुले एकमेकांकडे पाहू लागली आणि एकदम खदखदून हसली. तो मुलगा उठून उभा राहिला. "तसं नाही, गुरुजी," तो म्हणाला, "माझ्यामागून म्हणा."