मडक्यावर मडके

दारू हा विषय आपल्या घरांतून सहसा निघत नाही, आणि निघालाच तर बोलणाराचा आवाज खाली येतो. तरीही त्यावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले; निमित्त मात्र पिण्याचे नाही, ती करण्याच्या विद्येचे आहे.

परदेशी गेलेली आपली मुले सुटीत आली की तिकडच्या गोष्टी सांगतात. तिथे हौशी लोक घरीच बिअर करतात. मोठे पातेले, झाकणाची बादली, पाण्याच्या डब्याला भोक पाडून बसवलेली तोटी, एवढ्यावर त्यांचा कारखाना उभा राहतो. इंग्लंडात १९६३ साली या हौसेवरचा परवाना गेला, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला मोकळीक मिळाली. ऐकणारे कौतुकाने माना डोलावतात. अशाच जुगाडाची एक फार जुनी परंपरा आपल्या शिवेपलीकडच्या गोंड वाड्यांत आहे. तिचे नाव निघाले की मात्र आपल्याला पोलीस आठवतो.

बिअरसाठी जव भिजवून मोड आणावे लागतात, ते वाळवून भरडून ऊन पाण्यात ठेवावे लागतात. तेव्हा कुठे पिष्टाची साखर होते. मोहाच्या फुलाला ही खटपट नाही. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. चैत्रात पहाटे फुले आपसूक गळतात, बायका-मुले ती वेचून वाळवतात, आणि पाण्यात घातली की काही दिवसांत ती फसफसू लागतात. हाच मोहाचा सडवा.

पुढचे काम भट्टीचे. सौंसरच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही पाहिलेल्या एका भट्टीत विकत आणलेली वस्तू जवळजवळ नव्हतीच. चुलीवर सडव्याचे मोठे मडके, त्यावर बुडाला भोके पाडलेले दुसरे मडके, त्याच्या आत एक लहान भांडे, आणि सर्वांत वर थंड पाण्याची गोल बुडाची परात. सांधे ओल्या मातीने लिंपलेले. मद्यार्क पाण्याच्या आधी, ७८ अंशांच्या सुमारास उकळतो. त्याची वाफ वर चढते, परातीच्या गार बुडाला लागून थेंब होते आणि आतल्या भांड्यात ठिबकते. परातीतले पाणी तापले की बदलायचे, आणि किती वेळा बदलले ते मोजायचे. त्या मोजणीवरून दारूचा कस कळतो. भट्टीवरच्या म्हातारीपाशी तापमापक नव्हता. परातीच्या पाण्यात बोट बुडवून ती आच कमी करीत होती. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन म्हणून शिकवतात ते हेच.

या विद्येवर सरकारची वक्रदृष्टी वळली ती महसुलापायी. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, पुढे १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याकडे मोहफुलांवरच निर्बंध आले. आपल्या मध्यप्रांतात १९१५ चा अबकारी कायदा झाला. मध्य प्रदेशात तो आजही लागू आहे, आणि आदिवासींना घरगुती उपयोगापुरती सवलत आहे. २०२२ मध्ये राज्याने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' ठरविले, आणि डिंडोरी व अलीराजपूरकडे ती बाटलीबंद होऊ लागली.

दारूने घरे बुडतात हे आम्ही विसरलेलो नाही. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये दारूबंदी झाली, तिच्यामागे बायकांचे खरे दुःख होते. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ते विष मात्र कारखान्यातल्या मिथेनॉलचे होते, फुलाचे नव्हे. वाड्यांतही आता फुलांच्या जागी गूळ आणि नवसागर येतो, आणि म्हातारीची मोजणी कुणी मोजत नाही. लग्नात, मरणात बडादेवापुढे जमिनीवर सांडायचे चार थेंब होते, त्यांचा गल्ल्यावरचा माल झाला. फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, त्यात मोहाची रोपे जळतात. जुनी झाडे वठली की त्यांच्या जागी नवी उभी राहत नाहीत. झाड, फूल आणि हात, तिन्ही एकदमच चालले आहेत. उद्या बाटली उरेल, तिच्यावर सुंदर चित्रही असेल. पण पाणी केव्हा बदलायचे हे सांगणारी उरणार नाही.

याची खंत आपण का करावी? आपले पूर्वज भोसल्यांच्या अमलात या मुलखात आले, त्याआधी येथे देवगडचे गोंड राज्य होते; आपण ज्याला आपले शहर म्हणतो ते नागपूरही त्याच घराण्यातल्या बख्तबुलंदाने वसविले. १९५६ मध्ये नागपूर पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. तेव्हापासून घरातली मराठी राखताना एक गोष्ट आपल्याला पुरती कळली आहे: सरकारदरबारी नोंद नसलेली विद्या केवळ आजीच्या तोंडी टिकते, आणि आजीबरोबरच जाते. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. या नव्या जिल्ह्याचा इतिहास कुणी लिहायला घेईल तेव्हा त्यात संत्र्याच्या बागा येतील, जाम नदीची गोटमार येईल. मातीने लिंपलेल्या त्या दोन मडक्यांनाही एखादे पान मिळावे, आणि ते लिहिणाराने आधी त्या वाडीत जाऊन बसावे.